कात्रीबाईंची रीत

देशाचा खर्च जमेच्या आत बसलाच पाहिजे आणि कर्ज दरवर्षी उतरलंच पाहिजे, हा कायदा अर्थमंत्री असलेल्या ताईंनी सभागृहाच्या गळी उतरवला, तेव्हापासून विरोधक त्यांना कात्रीबाई म्हणू लागले. ताईंना त्याचा राग नव्हता. त्यांचा धाकटा भाऊ जन्माचा बहिरा, सरकारी शाळेत बहिऱ्या मुलांना शिकवायचा. त्यानेही हातांच्या भाषेत बहिणीचं नाव तेच ठेवलं होतं. दोन बोटं कात्रीसारखी मिटायची आणि मिश्कील हसायचं.

कपातीची रीतही ताईंचीच. समितीपुढे कुठल्याच कामाचं नाव येत नसे. नुसता क्रमांक, खर्च आणि लाभ घेणारी माणसं किती तेवढं. नाव दिसलं की जो तो आपल्या माणसांसाठी पदर पसरतो, असं त्या म्हणत. माणसं थोडी आणि खर्च मोठा दिसला की त्या बेधडक रेघ मारत. नावं उघडायची ती भर सभागृहात, आणि मग फेरबदल नाही.

त्या दिवशी भाऊ आपला वर्ग घेऊन वर प्रेक्षकांच्या सज्जात येऊन बसला होता. ताईचा मोठा दिवस होता ना.

पहिल्याच नावाला एक म्हातारे सभासद उठले. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांच्या बेटावर जाणारी होडी कपातीत गेली होती. एवढी एक ठेवा, म्हणून ते गयावया करू लागले.

"काका, आज तुमची होडी ठेवली तर उद्या कोणाकोणाचं काय काय ठेवू?" ताई म्हणाल्या. काका खाली बसले.

सभापतींनी पुढचं नाव वाचलं. कर्णबधिर मुलांची शाळा.

देशात तशी ती एकच होती. ती रेघ ताईंना आठवत होती, चहा पिता पिता मारलेली. भावाच्या शाळेत मुलं किती, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

शेजारून काका हळूच म्हणाले, "उठा, ताई. बोला काहीतरी. मी आड येणार नाही."

त्यात टोमणा नव्हता, हेच जास्त झोंबलं. ताई उभ्या राहिल्या.

वर सज्जात कोणाला काहीच ऐकू आलं नव्हतं. ताई उठलेली दिसली, म्हणजे तिचा सत्कार असणार, असं मुलांना वाटलं. सगळ्यांनी हात उंच करून पंजे हलवले. टाळ्या वाजवायची त्यांची तीच पद्धत. भाऊ सगळ्यांत पुढे. मग त्याने दोन बोटांची कात्री उघडून भुवया उंचावल्या. आज काय कापलंस?

सभापती विचारत होते, सदस्यांना काही म्हणायचंय का. ताईंनी हात वर केले आणि भावाला खुणेने सांगितलं, तुझी शाळा.

त्याला थट्टा वाटली. हसत त्याने पुन्हा विचारलं. ताईंनी पुन्हा सांगितलं, सावकाश. सारं सभागृह त्यांच्या हातांकडे बघत होतं आणि कोणाला काही कळत नव्हतं.

"काही म्हणायचं नाही," त्या सभापतींना म्हणाल्या आणि खाली बसल्या.

वरचे हात एकेक करून खाली आले. भावाची दोन बोटं मात्र तशीच उघडी राहिली. ती मिटायचं त्याला सुचलंच नाही.