वीस धुण्यांचा पुंजका

थंड पाण्यात धुवा.

ताई थंड पाण्यातच धुवायची, आणि एकदा नाही, वीसदा. धाकट्या भावानं बेतलेला प्रत्येक कपडा तिच्या मशीनमधून वीस धुणी काढल्याशिवाय विक्रीला जात नसे. आटला, विटला, उसवला की परत. भावाला सगळे लाट्या म्हणत. फळी घेऊन लाटांवर स्वार व्हायचं आणि तिथं जे सुचेल ते पुरुषांसाठी शिवायचं, हा त्याचा उद्योग. फळीवर पालथं पडून पाणी कापताना पोटाला रुतू नये म्हणून त्याच्या चड्डीला चेन नसे. मांडीला काचू नये म्हणून आतली शिवण बाजूला सरकवलेली.

सगळ्यात खपलं ते टोपीवालं मऊ जाकीट. कुडकुडत पाण्याबाहेर आलं की चढवायचं. टाकाऊ बाटल्यांच्या धाग्याचं, पाठीवर कासव, खाली ओळ : ‘समुद्र वाचवा, अंगावर घ्या.’ तीही त्याचीच.

पिळू नका.

वर्षभरानं तेच जाकीट हिरव्या रंगात धुवायला आलं आणि मोरी तुंबली. ताईनं मशीनच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळीचं फडकं बांधलं. विसाव्या धुण्यानंतर सोडलं, तर आत सुटलेल्या धाग्यांचा हिरवागार पुंजका. तिनं तो काचेच्या बरणीत भरला आणि थेट लाट्याच्या टेबलावर ठेवला. लाट्या तेव्हा जुन्या जाकिटांची आठ फुटी लाट शिवत होता. समुद्र वाचवण्यावरचं प्रदर्शन चार दिवसांवर आलेलं, त्यासाठी.

“काय गं, मांजर भादरलंस?”

“तुझं जाकीट आहे.”

“जाकीट तिकडं हँगरवर आहे.”

“हँगरवर उरलंय ते. हे गेलेलं. आणि हे फक्त अडकलेलं. बाकीचं मोरीतून गेलं. मोरी कुठं जाते रे?”

लाट्याची सुई थांबली. “कुणाला दाखवलंस?”

हा प्रश्न ताईच्या काळजात रुतला. लहानपणी काच फोडली की स्वतःहून सांगणारं पोर हे. जाकीट गेलं तर दुसरं शिवता येईल; हे पोर गेलं तर?

“तुलाच. पहिल्यांदा.”

“शिवणाऱ्या पाचजणी या जाकिटावर जगतात, ताई.”

“मला नको सांगूस. त्यांचा चहा मीच करते.”

तो फळी उचलून निघून गेला.

मंगळवार. पहाटेच फळी घेऊन गेला.

बुधवार. ताईनं बरणी कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेली. परत आणली.

गुरुवार. आठ फुटी लाट जागेवर नव्हती. बरणीही नव्हती. ताईनं कचऱ्याचा डबा उपसून पाहिला.

शुक्रवारी ती प्रदर्शनाला गेली ती पाय ओढतच. सभागृहात मधोमध एक साधं टेबल. हँगरवर जाकीट, शेजारी बरणी. जाकिटाखाली चिठ्ठी : ‘हे मी बनवलं.’ बरणीखाली : ‘हेही.’

बस्. लाट नाही, सजावट नाही. माणसं येत, हसत, मग वाकून बघत, मग स्वतःच्या अंगातल्या कपड्याला हात लावून बघत.

जाकीट विकणारा दुकानदार लाल झाला होता. “अहो, हंगामाच्या तोंडावर स्वतःच्याच पायावर धोंडा?”

“जाकीट बंद,” लाट्या म्हणाला. “सुती आणतोय. जड आहे, वाळायला वेळ लागतो. त्याच पाचजणी शिवणार. आणि आमच्या ताईच्या जाळीतून गेल्याशिवाय एकही मिळणार नाही.”

“ही ताई कोण?”

ताई एरवी गर्दीत खांबामागं उभी राहणारी. पदर सारखा करून ती सरळ टेबलापाशी आली.

“मी. हे गाळलं मी.”

“अहो, मग समजवा की याला! वेडा झालाय हा!”

“आजचा नाही, काच फोडून स्वतःहून सांगायचा तेव्हापासूनचा,” ताई म्हणाली, आणि आठ फुटी लाट शिवणाऱ्या त्या दांडग्या माणसाच्या पाठीवर सगळ्यांसमोर एक धपाटा घातला. “आमच्याच घरचा आहे.”