चढाईत सोडियम

शिवतेजचा दम किती? कामोठ्याच्या मैदानात तो चढाईला निघाला की मी घरी जायचो, चहा टाकायचो, पिऊन परत यायचो, तरी गडी अजून समोरच्यांच्या अंगणातच! खोटं वाटत असेल तर माझ्या किटलीला विचारा.

अठरा वर्षांचं पोर, बारावी सायन्सला. डोकं पायांइतकंच चपळ, पण वही उघडली की जांभया. बाप भगवान तुर्भ्याच्या मार्केटात कांद्याच्या गोणी उचलतो. त्याचं एकच म्हणणं, "कबड्डीवर कंपनीत चिकटला की सुटला. पुस्तकं कशाला?"

कबड्डी शिकवणारे धनाजी सर याच वाटेनं गेलेले. बारावी नापास, कंपनीच्या संघात भरती, मग गुडघा फुटला. आता ऐरोलीत एका गेटावर वॉचमनची ड्युटी करतात आणि संध्याकाळी लंगडत मैदानावर येतात. म्हणून त्यांचा नियम: आधी वही दाखव, मग मैदानात पाय ठेव.

केमिस्ट्रीला शिवतेज टरकायचा. सरांनी शक्कल काढली. सरावात 'कबड्डी कबड्डी' बंद. चढाई करताना मूलद्रव्यं म्हणायची. हायड्रोजनपासून कॅल्शियमपर्यंत वीस, एका दमात, उलटी आणि सुलटी. महिन्याभरात मैदानातल्या कावळ्यांनाही पाठ झाली. सराव परीक्षेत पोरगं केमिस्ट्रीत वर्गात पहिलं आलं. सर मिशीत हसून मला म्हणाले, "बघितलंत, आप्पा?"

मग निवडीचा सामना आला. कंपनीची माणसं कागद-पेन घेऊन बसलेली, भगवान पहिल्या रांगेत. गुण बरोबरीत, शेवटची चढाई शिवतेजची. त्यानं दोघांना शिवलं, तिसऱ्यानं घोटा धरला. मध्यरेषा वीतभर लांब. जीव ओढत सरकताना पोराच्या तोंडून निघालं, "ऑक्सिजन, फ्लोरिन, निऑन, सोडियम..."

पंचाची शिट्टी! 'कबड्डी' सोडून दुसरा शब्द आला की दम मोडला. गुण समोरच्यांना, सामनाही त्यांनाच. कंपनीवाले उठून गेले.

भगवान रेषा ओलांडून सरांसमोर उभा राहिला. "सोता बारावी नापास, आन् माझ्या पोराला शिकवाय निघाला! त्याच्या तोंडचा घास काढलासा तुमी."

मग तो पोराकडे वळला.

"उद्यापास्नं माझ्यासंगं मार्केटात. परीक्षा न्हाय न् बिरीक्षा न्हाय."

परीक्षेला आठ दिवस होते. सर दोनदा त्यांच्या घरी गेले, दार उघडलं नाही. वॉचमनच्या खुर्चीत बसून त्या माणसानं नखं कुरतडून संपवली. मला म्हणाले, "आप्पा, माझ्यासारखाच होणार हो तो. आणि मीच केला."

पहिल्या पेपराला आम्ही दोघं केंद्राबाहेर उभे. कॉलेजातून आणलेलं शिवतेजचं हॉल तिकीट सरांच्या खिशात, घामानं ओलं. पोरं आत गेली. शिपायानं गेटाला हात घातला. तेवढ्यात एक टेम्पो थांबला. भगवान उतरला, मागून शिवतेज, खांद्यावर कांद्याची सालं.

"सर," भगवान घुश्शातच होता, "विसाव्या गोणीला काय?"

"कॅल्शियम," सर चाचरत म्हणाले.

"आन् एकविसाव्या?"

सरांनी मान खाली घातली. "तिथवर मला येत नाही."

"ह्याला येतंय. आठ दिस गोणी मोजतोय. येक हायड्रोजन, दोन हेलियम! हमाल आता पाच म्हनत न्हाईत, बोरॉन म्हनत्यात. काल शंभरावी गोणी टाकली तरी ह्याची नावं संपंनात. मी इचारलं, कुठं शिकलास? तर म्हनतो, सरांनी वीस दिली, फुडची मी शोधली." भगवाननं पोराच्या पाठीत धपाटा घातला. "जा. गेट लावतोय त्यो."

हॉल तिकीट घेऊन शिवतेज पळाला.

"नापास झाला तर तुमाला सोडत न्हाय," भगवान म्हणाला.

"मी कुठं जाणार?" सरांनी दुखरा गुडघा धरून पायरीवर बसकण मारली. तीन तास दोघं शेजारी बसून राहिले. शेवटी सरांनीच विचारलं, "एकविसावं काय म्हणतो तो?"

"स्कँडियम."

सरांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि ते तळहातावर लिहून ठेवलं.