ढोलापलीकडची कुरकुर

आभार मानणं मला जमत नाही. लहानपणापासूनचं आहे. कुणी पाणी आणून दिलं तर मी आधी ग्लास नीट विसळलाय का ते बघते. माझा नवरा म्हणतो, हिच्या तोंडून 'बरं झालं' एवढं निघालं तरी मी ते आठवडाभर पुरवून वापरतो. तेव्हा आता मी जे सांगणार आहे त्यावरून एक तर मी वयामुळे मऊ पडलेय असं समजा, नाही तर खरंच काही तरी मोठं घडलंय असं समजा. दुसरं खरं आहे.

मी तंबाखूच्या कारखान्यात ढोल चालवते. वाजवायचा नव्हे. आमचा ढोल म्हणजे एका बसएवढं लांब, किंचित उतरतं ठेवलेलं, आडवं फिरणारं पत्र्याचं पिंप. एका तोंडाने त्यात सुकं पान जातं आणि दुसऱ्या तोंडाने वाफ खाल्लेलं, गरम, मऊ पान बाहेर पडतं. गठ्ठे फोडून पान पट्ट्यावर टाकतात, पुढे दातेरी रूळ ते विंचरून सारखं करतो, मग ते माझ्या ताब्यात येतं. पुढे भिंतीत एक खिडकीएवढं भोक आहे. त्यातून पट्टा पलीकडच्या खोलीत जातो आणि तिथे सुरीचं यंत्र पान बारीक कापतं.

सगळी गोम मधे आहे. पान कडक राहिलं तर सुरीखाली त्याचा भुगा होतो. जास्त ओलं झालं तर ते पात्याला चिकटून बसतं आणि यंत्र थांबवून खरवडावं लागतं. म्हणून वाफेचं चाक किती उघडायचं, पाण्याचा फवारा किती सोडायचा, हे ढोलवालीने ठरवायचं. ओल दाखवणारा काटा आहे, पण पानाचा चीक त्याच्या काचेवर बसतो आणि तो नेहमी मागाहून शहाणा होतो. खरा काटा म्हणजे मूठ. पान मुठीत घट्ट दाबायचं, मूठ उघडायची, आणि पान किती सावकाश उलगडतं ते बोटांनी ऐकायचं. एकोणीस वर्षं मी हेच केलं, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या मुठीचा मला गर्व होता.

भिंतीच्या पलीकडे सुरीवर एक गृहस्थ होते. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे. तोंडावर मी त्यांना दादा म्हणायचे आणि पाठीमागे तक्रारदार. दिवसातून एकदा तरी ते त्या भोकातून डोकं काढून ओरडायचे, "ए ढोलवाली, आज लाकडं पाठवतेस का?" नाही तर, "आज चिखल आहे नुसता." मीही काही ऐकून घेणारी नव्हे. "तुमच्या सुरीला धार लावा आधी," म्हणून मी परत ओरडायचे. सुरीच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे त्यांचे कान पार गेले होते, त्यामुळे माझी अर्धी उत्तरं वाया जायची. मी तरी द्यायचे.

आठ महिन्यांपूर्वी माझ्या बोटांनी दगा दिला. माझा नवरा शिंपी आहे. एका रविवारी मी त्याच्या शर्टाला बटण लावत बसले होते, आणि तो एकदम माझा हात धरून म्हणाला, "अगं, थांब. सुई कुठे आहे बघ." सुई माझ्या बोटात शिरलेली होती. शर्टावर रक्ताचा ठिपका पडला होता आणि मला पत्ताच नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, साखरेने बोटांच्या नसा बधिर झाल्यात. पथ्य पाळा, वाढणार नाही, पण गेलेलं परत येईल असं धरून चालू नका.

"कारखान्यात सांगून टाक," नवरा म्हणाला.

"सांगितलं की दुसऱ्या दिवशी गठ्ठ्यांच्या शेडमध्ये रवानगी."

"मग जायचं शेडमध्ये."

"तुझी बोटं गेली तर तू दुकान झाडत बसशील का?" मी म्हटलं. तो सुईत दोरा ओवायला लागला.

मी कुणालाच सांगितलं नाही. मुठीत पान घ्यायचे, दाबायचे, उघडायचे, जुन्या सवयीने मान डोलवायचे. कळत काहीच नव्हतं. मग गालाला लावून बघायला लागले, पण ढोलातून नुकतं निघालेलं गरम पान गालाला नेहमी मऊच लागतं. गरम असताना सगळंच पान गोड बोलतं. एवढी साधी गोष्ट एकोणीस वर्षं ढोलावर काढलेल्या बाईने विसरावी, पण भीती वाटली की माणूस घाई करतो आणि घाई केली की विसरतो.

मजा अशी की काम मात्र बिघडलं नाही. तक्रारदारांची कुरकुर तेवढी वाढली. आधी दिवसातून एकदा ओरडणारा माणूस आता दर तासाला डोकं काढायला लागला. "कडक." तास झाला की, "आता ओलं." मी मनात शिव्या हासडायचे, म्हातारचळ लागलाय म्हणायचे, आणि चाक पाव वेढा इकडे नाही तर तिकडे फिरवायचे. त्यांच्या ओरडण्यावर माझं काम चाललंय, हे मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

मग एकदम दोन गोष्टी कळल्या. बुधवारी तक्रारदार निवृत्त होणार होते. आणि त्याच आठवड्यात, गुरुवारी, हाताची परीक्षा होती. ही आमच्याकडे वर्षातून एकदा असते. सुपरवायझर मॅडम कमी-जास्त ओलीचे पाच ट्रे ठेवतात आणि ढोलवालीने हाताने ओळखून कडकपासून ओल्यापर्यंत क्रम लावायचा. चुकली, तर ढोल दुसऱ्याकडे. मी आजवर कधी चुकले नव्हते. या वेळी मात्र पाच ट्रे म्हणजे माझ्यासाठी पाच सारखे ट्रे होते.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तक्रारदार भिंतीला वळसा घालून माझ्याकडे आले. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा. एक खोकं उलटं करून बसले आणि माझ्या दोन्ही तळहातांवर एकेक मूठ पान ठेवलं.

"यातलं कडक कुठलं?"

मी दाबलं, उघडलं, चेहरा विचारी केला. "हे. डावं."

"दोन्ही एकाच मुठीतलं आहे," ते म्हणाले.

माझं डोकं सणकलं. "माझी परीक्षा घेणारे तुम्ही कोण?"

त्यांनी कानामागे हात धरला. मी परत ओरडले. "आठ महिने घेतोय," ते शांतपणे म्हणाले. "मार्चपासून तुझा माल सकाळी ओला आणि दुपारी सुका यायला लागला. तुझा माल असा कधी नव्हता. मी म्हटलं, हिला काही तरी झालंय आणि ही मेली तरी सांगायची नाही. मग मी ओरडायला लागलो. विचारायला आलो असतो तर तू मला झाडूने हाकललं असतंस."

खरं होतं ते. मी हाकललंच असतं. मला एकदम रडू यायला लागलं आणि त्याचा राग आला, म्हणून मी खाली पडलेली पानं गोळा करायला लागले. इतके दिवस मी ज्याला छळ समजत होते, तो माणूस माझी बोटं झाला होता.

"गुरुवारी मी नसेन," ते म्हणाले. "बोटं गेली तर कान आहेत ना? पूर्वी मी कानाने ओळखायचो. पान कानाजवळ धरून दोन बोटांत चोळायचं. कडक असेल तर चुरचुरतं. ओलं असेल तर काहीच बोलत नाही. बरोबर असेल तर नव्या कापडाची घडी मोडल्यासारखं वाजतं. माझे कान गेले म्हणून मी बोटांवर आलो. तू उलटी जा."

मी लगेच ढोलाच्या तोंडातून एक मूठ उचलून कानाला लावली. काही ऐकू आलं नाही.

"गरम आहे अजून," ते म्हणाले. "वीसपर्यंत मोज. तू पहिल्यापासून घाईची बाई."

वीस मोजले. मग चोळलं. आणि पान बोललं. बारीक, पण अगदी स्पष्ट. नवऱ्याच्या दुकानात बसून मी हा आवाज हजार वेळा ऐकला होता, कापडाचा. मी डोळे मिटून परत परत चोळत राहिले. डोळे उघडले तेव्हा तक्रारदार आपला डबा उघडून निवांत जेवत होते.

मंगळवार आणि बुधवार आम्ही तालीम केली. ते भोकातून एकेक मूठ द्यायचे, मी कानाने सांगायचे, ते बोटांनी तपासायचे. पहिल्या दिवशी निम्म्या चुकल्या. दुसऱ्या दिवशी विसातल्या दोन चुकल्या, त्याही मोजायचा कंटाळा केला म्हणून. बुधवारी संध्याकाळी सगळ्यांनी त्यांना हार घातला, मॅडम चार शब्द बोलल्या. मला पुढे होऊन काही तरी म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले, आणि मी म्हटलं, "सुरी पुसून ठेवलीत ना?" ते म्हणाले, "ठेवलीय." आणि गेले.

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "उद्या पास होशीलही. पण मॅडमना न सांगता झालीस तर पुन्हा वर्षभर लपवत बसशील." मी त्याच्यावर खेकसले. पण सकाळी गेले ती ठरवूनच गेले.

परीक्षा मॅडमच्या खोलीत होती. टेबलावर पाच झाकलेले ट्रे, नुकतेच ढोलावरून आणलेले. मी हात पुढे केलाच नाही.

"मॅडम, आधी एक सांगायचंय. माझी बोटं बधिर झालीत. आठ महिने झाले."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग परीक्षेला कशाला आलात?"

"कान चांगले आहेत."

मी चेष्टा करतेय की काय, असं त्यांना वाटलं असणार. मी म्हटलं, "झाकणं काढा, पंखा बंद करा आणि मला जरा थांबू द्या. पान गार झाल्याशिवाय खरं बोलत नाही."

माझ्या छातीत इतकं धडधडत होतं की तेच आधी ऐकू यायला लागलं. मी वीस मोजले, मग भीतीने आणखी वीस. पहिला ट्रे चुरचुरला. चौथा गप्प होता. पाचवा त्याच्या अलीकडचा. दुसरा आणि तिसरा मात्र जुळ्या भावांसारखे. मी तीन-तीनदा चोळले. मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. मला वाटलं, आता बोलावं काही तरी आणि मोकळं व्हावं. मग आठवलं, घाईची बाई. परत वीस मोजले. तिसऱ्यात एक बारीक तडतड होती, दुसऱ्यात नव्हती. मी क्रम लावून ट्रे सरकवले.

मॅडमनी आपल्याकडचा उत्तराचा कागद बघितला. मग ट्रे बघितले. मग दुसऱ्या ट्रेमधलं एक पान उचललं, स्वतःच्या कानाशी नेलं आणि चोळलं. नंतर तिसऱ्यातलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांचा कागद आणून द्या. आणि उद्यापासून जाड हातमोज्यांशिवाय वाफेच्या पाइपाजवळ जायचं नाही. भाजलं तर तुम्हाला कळणारसुद्धा नाही. हे तुम्ही मला मार्चमध्येच सांगायला हवं होतंत."

"हो," मी म्हटलं. या एका शब्दाला मला आठ महिने लागले होते.

ढोलावर परत आले. सुरीवर आता एक नवी बाई होती, अगदी मऊ बोलणारी. तासाभराने तिने भोकातून डोकं काढलं आणि घाबरत म्हणाली, "मावशी, माल कडक आहे हो." मी कानाने बघितलं. माल उत्तम होता. मी तसं सांगितल्यावर ती ओशाळली. "मला माहीत आहे. पण दादा सांगून गेलेत, दर तासाला काही तरी ओरडत जा म्हणून. नाही तर तुम्हाला एकटं वाटेल म्हणाले."

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. ते दारात खुर्ची टाकून बसले होते, समोर रस्ता, शेजारीपाजारी भाजी निवडत बसलेले. मी नवऱ्याला मुद्दाम आणलं नव्हतं. उभ्या उभ्याच म्हटलं, "दादा, तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर."

त्यांनी कानामागे हात धरला. "काय?"

मी आवाज चढवला. "तुमचे उपकार आहेत म्हटलं."

"काय म्हणतेस?"

मग मी भर रस्त्यात, ढोल आणि सुरी दोन्ही चालू असल्यासारखी ओरडले, की तुमच्यामुळे माझं काम राहिलं, तुमच्यामुळे माझी मान वर राहिली, आणि मी हे मरेपर्यंत विसरणार नाही. भाजी निवडणाऱ्यांचे हात थांबले. समोरच्या खिडकीत दोन डोकी आली. माझा घसा बसला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मी पुसलंही नाही.

तेवढ्यात त्यांची बायको पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आली. तो माझ्या हातात देत ती हळूच म्हणाली, "पहिल्याच वेळी कळलं होतं हो त्यांना. ओठ वाचता येतात."

मी ग्लासकडे न बघता पाणी पिऊन टाकलं.