वांग्याचा बैल

कियोएने गोमाला उचलून गाद्यांच्या कपाटात कोंडले, कपाटाचे दार नीट सरकले आहे ना हे दोनदा पाहिले आणि मगच घराचा दरवाजा उघडला.

"एका बोक्यासाठी केवढा बंदोबस्त!" तिची नणंद फुसाए पायरीपाशी उकिडवी बसून मातीच्या थाळीत भूर्जाची साल रचत होती. "माझ्या भावाला बाहेर तिष्ठत ठेवलंस."

"डॉक्टरांनी बजावलंय, वन्सं. तीन आठवडे बोटभरसुद्धा फट नको."

"गुरांचा डॉक्टर तो."

"गुरांचा नाही. मांजरांचाच."

साल पेटली. मात्सुमोतो शहरातल्या त्या गल्लीत तिन्हीसांजेला दारोदार असे लहान जाळ उठले होते. ऑगस्टच्या तेरा तारखेला गेलेली माणसे या उजेडाने घर ओळखतात, तीन दिवस राहतात आणि सोळाला तशाच जाळाने परत पाठवली जातात. कियोएचा नवरा इसाओ मार्चमध्ये गेला; त्याचे हे पहिलेच वर्ष. म्हणून वळचणीला पांढरा कंदीलही टांगला होता. नवख्याची चुकामूक नको.

जाळ विझला. कियोएने दरवाजाला हात घातला.

"थांब गं जरा. त्याला कुठेही पोचायला उशीरच व्हायचा. स्वतःच्या लग्नालासुद्धा..."

"ठाऊक आहे. मी होते तिथे."

मार्चमध्ये इसाओला आतल्या खोलीत निजवले होते तेव्हा गोमाला बाहेर काढले ते फुसाएनेच. मांजराने प्रेतावरून उडी मारली तर प्रेत उठून बसते, हे तिला तिच्या आजीने सांगितले होते आणि आजी तशी शिकलेली होती. इसाओ उठला नाही. बोकाही परतला नाही. सव्वीस जुलैला तो तीन किलोमीटरवरच्या मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या कारखान्यामागे सापडला, निम्मा होऊन. त्याच्या जाण्याबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत. फुसाएने मात्र त्याच्यासाठी सुकी मासळी आणून गुपचूप ओट्यावर ठेवली होती.

डॉक्टरांनी सांगितलेले कियोएने कॅलेंडरच्या मागे लिहून घेतले होते. जेवण जुन्याच वेळेला. घरातले जुने वास तसेच राहू द्यावेत. मागे मागे करू नये, फार हाका मारू नयेत. हे घर आपलेच आहे असे त्याला पुन्हा वाटू द्यावे. घाईने बाहेर सोडलात तर परत येईलच असे नाही. या शेवटच्या वाक्याखाली तिने दोन रेघा ओढल्या होत्या. इसाओचे लोकरी जाकीट तिने धुतले नाही, आणि रोज एका तारखेवर फुली मारली.

दरवाजा लावून तिने कपाट उघडले. गोमा बाहेर आला. गेले अठरा दिवस तो इसाओच्या बैठकीवरच झोपत होता. आज तो त्या बैठकीपाशी गेला आणि थबकला. मग बाजूला चटईवर पंजे पोटाशी घेऊन बसला आणि मान वर करून पाहू लागला. बसलेल्या माणसाचा चेहरा असतो तितकी वर.

"उकाडा फार आहे यंदा," फुसाए म्हणाली. तिने दोघींचा चहा ओतला. तिसरा पेलाही भरला आणि नंतर त्याच्याकडे पाहिले नाही.

सोळाला संध्याकाळी ती पुन्हा सालीची पुडी घेऊन आली. कियोएने तिच्यापुढे बशी ठेवली.

"मिसोतलं वांगं? छान झालंय." फुसाएने दोन घास खाल्ले. "जरा जून आहे."

मग तिची नजर देवघराकडे गेली. इसाओला घरी घाईने आणणारा काकडीचा घोडा काड्यांच्या पायांवर उभा होता. सावकाश परत नेणारा वांग्याचा बैल त्याच्या शेजारी नव्हता.

"कियोए, बैल कुठाय?"

"तुमच्या बशीत."

फुसाएच्या जेवणाच्या काड्या हवेतच राहिल्या. "अगं, मग तो जाणार कशावर?"

कियोए उठली. कॅलेंडरवर शेवटची फुली मारून तिने दरवाजा सताड उघडला. "गोमाचे तीन आठवडे आज झाले."

गल्लीत निरोपाचे जाळ पेटू लागले होते. गोमाने उंबरा हुंगला. एक पंजा बाहेर ठेवला आणि मागे वळून बैठकीकडे पाहत उभा राहिला. इसाओ वहाणा घालेपर्यंत तो असाच थांबायचा. मग दोघे कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचे.

कियोएने वाकून पायरीवरच्या इसाओच्या वहाणा उचलल्या आणि वरच्या फळीवर, हात पुरेल तितक्या मागे ढकलल्या.

"अहो, तुम्ही नाही," ती रिकाम्या बैठकीकडे पाहून म्हणाली. "तुमचे तीनच झाले. अजून अठरा दिवस आहेत."

गोमा आणखी थोडा थांबला. मग एकटाच पायरी उतरून गेला. कियोएने दरवाजा सरकवला आणि फटीवरून बोट फिरवून पाहिले.

फुसाए बराच वेळ पुडी हातात धरून बसली. मग तिने ती पिशवीत परत ठेवली, तिसऱ्या पेल्यातला गार चहा ओतून टाकला आणि गरम भरला.