तक्रार क्रमांक चारशे बारा

सोमवारी सकाळी ताईने खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला आणि सख्ख्या भावाच्या सहा वर्षांच्या कामाचा गळा दाबायला बसली.

हे शब्द चित्रकाराचे. तो खेळातले किल्ले आणि घोडे रंगवायचा आणि तोंडाला येईल ते बोलायचा. पण त्यात खोटं काही नव्हतं. त्यांच्या सात जणांच्या कंपनीत जुन्या काळच्या राज्यांचा एक व्हिडिओ गेम तयार होत होता. किल्ले बांधायचे, धान्य साठवायचं, फौज उभी करायची आणि शत्रूची राजधानी घ्यायची. राजधानी पडली की डाव संपला. समोरचा शत्रू राजा संगणक चालवायचा आणि त्या राजाचं डोकं ताईच्या धाकट्या भावाने लिहिलं होतं. भावाला सगळे घुम्या म्हणत, कारण तो दिवसाला जेमतेम चार वाक्यं बोलायचा आणि त्यांतली दोन चहाबद्दल असायची. त्याच्या राजाला म्हातारा म्हणत, कारण एकेक खेळी करायला तो फार वेळ घ्यायचा.

मॅडमनी, म्हणजे कंपनीच्या मालकिणीने, अट घातली होती. ताईशी दहा डाव. त्यांतला एक जरी म्हाताऱ्याने जिंकला तर तो राहील, नाहीतर त्याच्या जागी लाडोबा येईल. लाडोबा म्हणजे बाहेरून तयार मिळणारा राजा. त्याला अक्कल बेताचीच होती, पण हरायला लागला की त्याला गुपचूप फुकटची फौज मिळायची.

"ती लबाडी आहे," घुम्या म्हणाला होता.

"असेल. पण मुळूमुळू हरणाऱ्या राजाशी कोण खेळणार रे?" मॅडम म्हणाल्या होत्या.

गेम तपासणं हे ताईचं काम. त्याआधी दहा वर्षं ती पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत होती. बाटलीत जे सापडेल तेच कागदावर लिहायचं, ही तिथली सवय. म्हणून भावाच्या कामाची परीक्षा बहिणीकडे दिली तेव्हा कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही. नऊ डाव झाले. नऊही ताईने जिंकले. दर वेळी घरी पोचल्यावर आई दोघांची तोंडं बघायची आणि विचारायची, "पुन्हा मारलंस का त्याला?"

आज निघताना आईने तिला बाजूला घेतलं होतं.

"एकदा हरलीस तर काय झिजणारे गं तुझं?"

"आई, मग मी लिहिलेल्या कागदाला अर्थ काय राहिला?"

"मी कागदाचं बोलतच नाहीये," आई म्हणाली आणि आत गेली. घुम्या दारात बुटांच्या नाड्या बांधत होता. त्याने मान वर केली नाही.

तर हा दहावा डाव. बारा वाजेपर्यंत म्हाताऱ्याकडे एकच किल्ला उरला, तीच त्याची राजधानी. आत चारशे पायदळ, साठ घोडेस्वार आणि महिनाभराचं धान्य. किल्ल्याला तीन बाजूंनी ताईचा वेढा. चौथ्या बाजूला नदी आणि नदीच्या पलीकडच्या काठावर ताईची राजधानी. तिथला शेवटचा पहारेकरीसुद्धा तिने नदीच्या उगमाला वळसा घालून वेढ्यावर आणून उभा केला होता.

"म्हाताऱ्याला पाणी पाजा कुणीतरी," चित्रकार म्हणाला.

घुम्या ताईच्या खुर्चीमागे उभा होता. नऊही डावांत तो तिथेच उभा असायचा.

पडद्यावर हिवाळा सुरू झाला. झाडं पांढरी झाली, नदी पांढरी झाली. हल्ला आत्ताही करता आला असता, पण शिड्या सगळ्या तुकड्यांपर्यंत पोचल्यात ना, हे एकदा बघावं असं ताईला वाटलं. तिने एक खेळी तशीच जाऊ दिली.

म्हातारा विचार करू लागला. पडद्याच्या कोपऱ्यातलं चाक फिरत राहिलं. मग किल्ल्याचा नदीकडचा दरवाजा उघडला आणि साठ घोडेस्वार बाहेर पडले. सरळ नदीत.

"अरे अरे, बुडायला निघाला!" चित्रकार ओरडला.

घोडे बुडले नाहीत. चित्रकाराने स्वतःच्या हाताने रंगवलेल्या त्या घोड्यांचे खूर बर्फावर टपटप वाजत होते. ताई बघत राहिली. अर्ध्या खेळीत घोडे नदीपार झाले. उरलेल्या अर्ध्या खेळीत ते तिच्या राजधानीच्या उघड्या दारातून आत शिरले. अडवायला आत कुत्रंसुद्धा नव्हतं.

'तुमची राजधानी पडली.'

चित्रकाराने टाळीसाठी उचललेले हात तसेच हवेत राहिले. वेढ्यावरची तिची नऊ हजारांची फौज पडद्यावर अजून शिस्तीत उभी होती.

आवाज ऐकून मॅडम बाहेर आल्या. त्यांनी पडदा पाहिला, मग ताईकडे पाहिलं. प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होताच. तो तोंडाने विचारला घुम्याने.

"तू राजधानी मोकळी टाकलीस? तू?" त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आई सकाळी बोलली ते मी ऐकलंय, ताई. मला असली भीक नकोय. मॅडम, लाडोबालाच बसवा."

ताईला तोंडात मारल्यासारखं झालं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिच्या कागदावर संशय घेत होतं आणि तो घेणारा हा होता.

"मी खरी खेळले रे."

"मग नदीवर पहारा का नव्हता?" मॅडमनी विचारलं.

"नदीवरून कुणी येत नाही."

"का नाही येत?"

"कारण ती गोठली तरी तिच्यावरून चालता..." ताई बोलता बोलता थांबली. तिने तक्रारींची यादी उघडली. तक्रार क्रमांक चारशे बारा. 'हिवाळ्यात नदी गोठलेली दिसते, पण सैन्य तिच्यावरून चालत नाही. चूक दुरुस्त करावी.' खाली ताईचंच नाव. त्याखाली शेरा होता, 'दुरुस्त केली. शनिवारच्या आवृत्तीपासून लागू.'

नऊ डाव शनिवारच्या आधीचे होते. दोन वर्षं ती ज्या नदीवर खेळली, ती नदी म्हणजे भिंत होती. ती भिंत तिनेच तक्रार करून पाडायला लावली आणि पुन्हा तिलाच पाठ टेकून बसली.

"वा गं! शत्रूला पूलसुद्धा स्वतःच बांधून दिलास," चित्रकार म्हणाला.

घुम्या अजून तसाच उभा होता. "ठीक आहे. तू विसरलीस. पण पलीकडे पहारा नाही हे म्हाताऱ्याला कसं कळलं? त्याला तिकडचं दिसत नाही. तिकडे धुकं असतं."

त्याने तिच्या शेजारी वाकून म्हाताऱ्याची नोंदवही उघडली. प्रत्येक खेळी का केली, हे तो राजा तिथे लिहून ठेवायचा. शेवटच्या पानावर एक ओळ होती.

'नदीकाठ: पहारा ठेवत नाही. नऊपैकी नऊ.'

घुम्या मटकन खाली बसला, जमिनीवरच.

"मी पहिल्या वर्षी त्याला आठवण दिली होती," तो म्हणाला. "झालेले डाव लक्षात ठेवायला. डाव संपला की धुकं हटतं, तेव्हा सगळं दिसतं. तिचा कधी काही उपयोग दिसला नाही. मला वाटलं, ती चालतच नाही."

"चालत होती," मॅडम हळूच म्हणाल्या. "नुसतं बघत बसली होती."

ताईने वाकून खालची ओळ वाचली. मग पुन्हा वाचली.

'शेवटच्या हल्ल्याआधी थांबते. एक खेळी. नऊपैकी नऊ.'

"थांबतेस?" मॅडमनी विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. मग तिने आधीचे डाव एकेक करून उघडले. पहिल्यात ती धान्याच्या गाड्यांसाठी थांबली होती. दुसऱ्यात पावसासाठी. तिसऱ्यात जखमींसाठी. कारणं नऊ आणि नऊही पटण्यासारखी. पण नऊ बाटल्यांत पाण्याचा एकच रंग आला, तर प्रयोगशाळेत कुणी नऊ कारणं शोधत बसत नाही. आज नदी गोठल्यावर ती एक खेळी थांबली नसती, तर डाव तिचा होता. तिने मागे वळून खुर्चीमागच्या त्या जागेकडे पाहिलं. आता तिथे कुणी नव्हतं, कारण घुम्या जमिनीवर बसून तिच्याकडे टक लावून बघत होता.

तिने अहवाल लिहिला. 'दहावा डाव हरले. नदीकडे दुर्लक्ष केलं, ही माझी चूक. शेवटच्या हल्ल्याआधी मी दहाही डावांत एक खेळी थांबले. का, ते मला सांगता येत नाही.'

"शेवटची दोन वाक्यं राहू द्यायची?" मॅडमनी विचारलं. "त्यांच्यामुळे मी हा डाव बाद करू शकते."

"बाटलीत आहे ते," ताई म्हणाली.

मॅडम घुम्याकडे वळल्या. "घुम्या, लाडोबाला हे असं काही दिसलं असतं?"

घुम्याने मान हलवली. नाही.

"मग म्हातारा राहील. दया कुठे येते ते मोजून तिथनंच आत शिरला की हा! बाई बाई." त्यांनी अंगावर शहारा आल्यासारखे खांदे उडवले. "माझ्याशी मात्र कधी लावू नका त्याला."

घरी जाताना दोघं रोजच्यासारखी शेजारी शेजारी चालली. घुम्या एकदा म्हणाला, "मी तुला भीक म्हणालो." ती म्हणाली, "असू दे." तेवढंच.

आईने दार उघडलं आणि दोघांची तोंडं पाहिली. "आज काय?"

"हरली," घुम्या म्हणाला.

आईचा चेहरा उजळला. तिने ताईच्या दंडावर हात ठेवला. "ऐकलंस ना माझं?"

नाही म्हणायला ताईने तोंड उघडलं. सकाळचं उत्तर तिच्याकडे तयार होतं, पण ते ओठांवर येईना. बूट हातात धरून ती दारातच उभी राहिली.