थांबाबाई

"थांबा, मॅडम!"

नव्या डॉक्टरांचा हात तिथेच अडला. टेबलावरच्या बाईची पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, फोडायचा लांब हूक त्या आता उचलणारच होत्या. दारातल्या आयाने तोंड लपवून हसून घेतलं. प्रसूतिकक्षात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या या सिस्टरला सगळे पाठीमागे थांबाबाई म्हणत. हूक निघाला की हिचं 'थांबा' आलंच! आधी बोटाने चाचपल्याशिवाय ती कुणाला पुढे जाऊ देत नसे. आजवर कधी काही सापडलं नव्हतं, पण जित्याची खोड जाते थोडीच?

"आता काय, सिस्टर? कळा मंदावल्यात तिच्या."

"एकदाच बघू द्या."

हातमोजा चढवून तिने अलगद बोट आत घातलं. बाळाच्या डोक्यावर ताणलेल्या पडद्यात काहीतरी सुतळीसारखं उडत होतं. दुसऱ्या हाताने तिने बाईची नाडी धरली. ती संथ होती. मशीनवरचे बाळाचे ठोके मात्र बोटाखालच्या ठोक्यांबरोबर धावत होते. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"मॅडम, बाळाची रक्तवाहिनी वाटेत आडवी आलीय! पाणमोटीबरोबर तीही फुटली असती."

डॉक्टरांनी स्वतः चाचपलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "ऑपरेशन! आत्ताच्या आत्ता!"

मग एकच धांदल उडाली. स्ट्रेचर धडधडत निघालं.

"सिस्टर, माझं बाळ?"

"ठणठणीत आहे गं! त्याच्यासाठीच तर पळतोय. तू फक्त कळ आली तरी जोर करू नकोस."

बाराव्या मिनिटाला पोराने असा टाहो फोडला, की बाहेर त्याची आजी उभ्या जागी नाचली.

थांबाबाईने बाळामागून आलेली वार ट्रेमध्ये पसरली. नाळ वारेला नीट चिकटलीच नव्हती. तिच्या रक्तवाहिन्या पातळ पडद्यातून उघड्याच गेल्या होत्या.

"सिस्टर, हे तुम्ही किती वेळा पाहिलंय?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"एकदाच. नोकरीला लागले त्याच वर्षी. पाण्याऐवजी लाल आलं. मुलगी होती." ती ट्रेकडेच बघत राहिली. "कुणी मला बोललं नाही. पण तो हूक डॉक्टरांच्या हातात मीच दिला होता."



चार वाजता पुढची बाई टेबलावर आली. थांबाबाईने सवयीने तोंड उघडलं, पण डॉक्टरच आधी बोलल्या.

"थांबा, सिस्टर. हूक नको इतक्यात. आधी मी चाचपते."

थांबाबाईचे डोळे भरून आले. हूक मागे धरून ती भिंतीशी मुकाट्याने उभी राहिली.