खंडेनवमीचा पोचा

खंडेनवमीला कळकट किंवा पोचा पडलेली वस्तू पूजेत ठेवायची नाही, हा आमच्या ह्यांचा कारखान्यातला नियम. निवृत्तीनंतरही तो सुटला नाही. पत्र्याच्या कामात ह्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पूजेच्या दिवशी यंत्रांना झेंडूच्या माळा, दारात कुंकू भरून फोडलेला कोहळा. आणि कारखान्यातल्या वडीलधाऱ्या विश्वेश्वर अण्णांनी नारळ वाढवल्याशिवाय कुणी कडलेपुरीच्या, म्हणजे चुरमुरे-डाळ्यांच्या, पुडीला हात लावत नसे.

यंदा आमची नात प्रांजली कामावर जाताना म्हणाली, माझं वाद्यही पूजेला ठेवा. पोलादी पत्र्याच्या दोन परातींची तोंडं एकमेकींना जोडावीत, तसं ते दिसतं. बोटांनी थाप दिली की घंटेसारखे सूर निघतात. पहिलं वाद्य स्वित्झर्लंडमधल्या बर्नला घडलं. तिथल्या बोलीत हाताला हांग म्हणतात, म्हणून घडवणाऱ्यांनी त्याचं नाव हांग ठेवलं. पुढे इतरांनी घडवलेल्यांना हँडपॅन म्हणू लागले. हे तिनंच सांगितलेलं. तेव्हा ह्यांनी चिडवलं होतं, "म्हणजे आमची हातोडी बाद."

रविवारी इथल्याच, बंगळूरच्या चामराजपेटमधल्या एका सभागृहात ती पहिल्यांदाच लोकांसमोर वाजवणार होती.

पुसता पुसता ह्यांना कडेजवळ चिंचोक्याएवढा पोचा दिसला. असं पूजेला कसं ठेवायचं, म्हणत त्यांनी खालच्या भोकातून लाकडी दांडा आत घातला. मी मांडीवर घोंगडी घेऊन वाद्य धरून बसले. थांबा म्हणायला हवं होतं. पण त्यांचे हात किती वर्षांनी कामाला लागले होते. मी बघतच राहिले. हलक्या ठोक्यांनी पोचा निघाला. कुठे होता तेही कळू नये, असा. मग मी शेजारच्या सुरावर बोट मारलं. तो बसलेल्या घशासारखा वाजला.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. ह्यांनी वाद्याला गंध लावलं, फूल वाहिलं.

संध्याकाळी प्रांजलीनं थाप दिली आणि तिचा चेहरा उतरला. आदल्या रात्री तालमीहून येताना रिक्षा खड्ड्यात आदळली होती. पिशवी मांडीवर घ्यायला हवी होती, मीच निष्काळजी, म्हणत ती रडू लागली. वाद्य घडवणाऱ्याला तिनं फोन लावला. सूर त्यालाच लावता येणार, आणि दिवाळीपर्यंत त्याला सवड नव्हती. ती स्वतःला बोल लावत होती आणि मी तिच्यापुढे कडलेपुरीची वाटी सरकवत होते.

जेवताना ह्यांनी ताट बाजूला केलं.

"प्रांजली, पोचा रिक्षातला होता. सूर मी घालवला."

"मी धरलं होतं," मी म्हणाले.

तिनं हातातला घास परत ताटात ठेवला.

"विचारायचं तरी, आबा."

रविवारी तो सूर गाळून तिनं वाजवलं. लोकांना काही कळलं नाही, टाळ्या चांगल्या पडल्या. पण सवयीनं तिचा हात त्या सुराकडे जाई आणि वरच्या वर मागे फिरे. दर वेळी ह्यांची बोटं आखडत.

बाहेर आल्यावर तिनं पिशवी पुढे केली. "आबा, धरा जरा. रिक्षा बघते."

ह्यांनी हात मागे घेतले. पिशवी मी घेतली, आणि जे. पी. नगरचं घर येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही.